ज्याला पळून जाता येत नाही त्याचा फोटो



मागच्या वेळी म्हटलं होतं की आता चातुर्मासातल्या उपवासाच्या भाज्यांवर लिहीन. ते राहू दे पुढच्या वेळेला. आज मला भांडायचं आहे, आणि तेही घरातल्याच माणसाशी.

आमच्या वन्सं सांगलीला असतात. तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. माझ्याहून वयाने मोठ्या, कामाला वाघीण, पर्युषणात स्वतःच्या पायावर उभं राहून सगळ्यांचं पारणं सांभाळणाऱ्या. त्यांच्याविरुद्ध लिहिताना माझा हात जड होतो. पण त्यांनी पाठशाळेच्या मुलांची कोकण सहल ठरवली आहे. मुक्काम आमच्याकडे नाट्याला, यशवंतगड बघायचा, आंबोळगडचा किनारा, मग एका मोठ्या शहरातलं नवं मत्स्यालय. तिथे फोटोंची स्पर्धा. विषय काय, तर ‘जीवदया आणि जलचर’. मुलांनी काचेमागच्या माशांचे फोटो काढायचे, प्रत्येकाखाली दयेवर दोन ओळी लिहायच्या, पहिल्या तिघांना बक्षीस. परीक्षक मी, कारण मी ‘लिहिते’. आणि बक्षिसाची रक्कम आमच्या दुकानाकडून.

मी नाही म्हटलं. परीक्षक होणार नाही, आणि पैसेही देणार नाही.

वन्सं फोनवर थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अगं, तू मासेवाल्यांच्या गावात चाळीस वर्षं राहिलीस, आणि मुलांनी जिवंत मासे नुसते बघितले तर तुला पाप दिसतं?”

हा टोला मला लागला, कारण तो खरा आहे. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

नाटे म्हणजे जैतापूरच्या खाडीच्या तोंडावरचं गाव, तालुका राजापूर. शेजारी साखरी नाटे, तिथली वस्ती सगळी दर्यावर जगणारी. मी सांगलीकडून बी.कॉम. करून लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिले सहा महिने वाऱ्याची दिशा बदलली की नाकाला पदर लावत असे. दर्शनाला जायचं तर खारेपाटणचं मंदिर. आमचं दुकान भुसार मालाचं. जाळी, गळ, दोर यातलं काहीही सासऱ्यांनी कधी ठेवलं नाही, आम्हीही ठेवलं नाही. पण तांदूळ, तेल, साखर, चहा हे सगळं बोटीवरची माणसंच नेतात. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की उधारीची वही जाड होत जाते आणि नारळी पौर्णिमेनंतर ती हळूहळू फिटते. वही मी लिहिते. त्यामुळे मला नीट माहीत आहे की आमच्या गल्ल्यात येणारा रुपया कुठून येतो. मुलाचं इंजिनीअरिंग त्यावर झालं. मंदिराला दिलेली वर्गणीही त्यातूनच गेली. माझ्या ताटात मासा नाही, पण माझ्या खातेवहीत आहे. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की ही बाई सोवळ्यात बसून बोलते आहे.

आता मत्स्यालय. मी तिथे गेलेली नाही असं नाही. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय मी तीनदा बघितलं आहे. आडिवऱ्यावरून पूर्णगड, पावस करत गेलं की दोन तासांत पोचतो, पाहुणे आले की नेतोच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं ते केंद्र. तिथे जो देवमाशाचा सांगाडा ठेवला आहे तो बघून माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. बरगड्या बघून मला उलट्या ठेवलेल्या होडीची आठवण झाली होती. त्या सांगाड्याचे हवे तितके फोटो काढा. काचेच्या बरण्यांतल्या नमुन्यांचे काढा, शंखशिंपल्यांचे काढा. जीव गेलेला आहे, आता त्याला आपल्या बघण्याचा उपद्रव नाही. शिवाय तिथे काम चालतं ते मच्छीमारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या उपयोगाचं. माझं भांडण त्या केंद्राशी नाही.

माझं भांडण माझ्याच एका फोटोशी आहे. दोन वर्षांपूर्वी मुलाकडे गेले होते, तेव्हा सुनेने आणि नातवाने मला एका शहरातल्या मत्स्यालयात नेलं. नाव सांगत नाही, तशी पुष्कळ आहेत. मोठा काचेचा बोगदा, डोक्यावरून मासे, निळा उजेड, आणि माणसं? एकही माणूस मासा बघत नव्हता. सगळे माशाकडे पाठ करून उभे, हात लांब करून, स्वतःच्या चेहऱ्यामागे मासा येतो का ते बघत. मासा कोपऱ्यात गेला की काचेवर टकटक. एक वडील चावीने वाजवत होते. ‘काचेवर ठोकू नये’ ही पाटी त्यांच्या खांद्याशीच होती. मीही काढला फोटो. एक मोठा, तपकिरी ठिपक्यांचा मासा काचेजवळ स्थिर होता, मी फोन धरला, फ्लॅश आपोआप उडाला. फोटोत अर्ध्यात पांढरा गोळा, त्यात माझा चष्मा आणि साडीचा काठ, आणि उरलेल्या अर्ध्यात मासा. तरी मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. वन्संनीच पहिला अंगठा दाखवला होता, ते त्या विसरल्या असतील.

नाट्याला परत आल्यावर दुकानात तांदूळ न्यायला एक मावशी आल्या. साखरी नाट्याच्या, सुकी मच्छी विकतात, त्यांच्या तीन पिढ्या आमच्या वहीत आहेत. मी आपली हौसेने फोन पुढे केला. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, हा हेकरू. मग विचारलं, याचं बीळ कुठे आहे? मला कळेना. त्या म्हणाल्या, हेकरू खडकाच्या कपारीत राहतो, दिवसभर तोंड तेवढं बाहेर काढून बसतो, असा उघड्यावर तो कधी उभा राहत नाही. याला आत शिरायला जागाच नाही दिलेली, म्हणून असा काचेला टेकलाय. आणि याचे पर बघा, झिजलेत.

मैत्रिणींनो, चाळीस वर्षं मी पाणी गाळून पिते. रात्री दिवा लावताना त्यावर किडा येईल म्हणून जाळी ठेवते. पण माझ्यासमोर पाच इंद्रियांचा एक जीव लपायला जागा शोधत उभा होता आणि मला त्यात ‘छान पोज’ दिसली. ते दिसलं कुणाला, तर जी बाई रोज मासे कापते तिला.

म्हणून हा लेख.

आधी एक कच्चा मुद्दा बाजूला काढते, कारण आपल्या मंडळांत तोच जास्त फिरतो. फ्लॅशने मासे आंधळे होतात, मरतात, असे निरोप फोनवर येतात. तसं सिद्ध झालेलं नाही. ऑस्ट्रेलियात पर्थच्या कर्टिन विद्यापीठातल्या संशोधकांनी समुद्रघोडे आणि तळाशी राहणारे छोटे मासे यांच्यावर हे तपासलं होतं, २०१९ च्या सुमाराला त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांना आढळलं की फ्लॅशपेक्षा फोटो चांगला यावा म्हणून त्या जिवाला बोटाने, काडीने सरकवणं हे जास्त त्रासाचं असतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. खोट्या पुराव्यावर उभी केलेली दया एक दिवस कुणीतरी शिकलेला मुलगा पाडतो, आणि मग तो खऱ्या दयेवरही हसतो. तरीही माशाला पापणी नसते, आपल्यासारखे डोळे मिटून घेता येत नाहीत, आणि अंधाऱ्या खोलीत दिवसभर शेकडो वेळा वीज चमकणं कुणाला सुखाचं असेल असं मला वाटत नाही. शिवाय फ्लॅश मारला की काचेवर उजेड परततो आणि फोटो बिघडतो, हे लग्नाचे फोटो काढणारा माझा भाचाही सांगतो. फोन काचेला टेकवा, फ्लॅश बंद ठेवा, हा त्याचा धडा. म्हणजे फ्लॅश हा शहाण्यालाही नको आणि दयाळूलाही नको. तो प्रश्न तिथेच संपतो.

पण फ्लॅश बंद केला म्हणजे सुटलो का? वन्संचं म्हणणं तसंच आहे. “मुलांना सांगू फ्लॅश मारू नका, काचेला हात लावू नका. मग?”

मग बीळ कुठे आहे, हा प्रश्न राहतो.

विचार करून बघा. हेकरूला टाकीत खडकाची कपार का दिली नसेल? कारण कपार दिली तर तो आत जाऊन बसेल, तिकीट काढून आलेल्याला दिसणार नाही. दिसला नाही तर फोटो नाही. फोटो नाही तर पुढच्या रविवारी दुसरं कुटुंब येणार नाही. टाकीतला उजेड, टाकीचा आकार, मागचा निळा रंग, सगळं काचेच्या या बाजूच्या डोळ्यांसाठी मांडलेलं असतं. लाजाळू मासा तिथे निकामी माल ठरतो. आपल्या हातातला फोन असा त्या टाकीची रचना ठरवतो. ‘मी फक्त फोटो काढला’ असं म्हणता येत नाही. मी त्या टाकीचं गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईक मागतं तसा माल मांडला जातो. हे मला कुठल्या शास्त्रीबुवांनी शिकवायला नको, मी दुकानदाराची बायको आहे.

आपल्या धर्माने तर हे फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे. पाठशाळेत आपण सगळ्यांनी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ केले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते आहेत. यात पहिलं नाव कशाचं आहे? बंध. बांधून ठेवणं, कोंडणं, हवं तिथे जाण्यापासून अडवणं. मारणं त्याच्या नंतर येतं. लहानपणी मला वाटायचं की हा क्रम चुकला असावा, मारणं आधी हवं. आता या वयात वाटतं की ज्यांनी लिहिलं त्यांना श्रावकाचं घर चांगलं माहीत होतं. श्रावक मारणार नाहीच. तो कोंडेल, आणि वेळच्या वेळी खायला घालेल, आणि स्वतःला दयाळू समजेल.

यावर कुणी म्हणेल, आपण कुठे कोंडलं? कोंडणारे दुसरेच. पण कृत, कारित आणि अनुमोदित हे तिन्ही आपण रोज आलोचनेत म्हणतो ना? केलं, करवलं, आणि दुसऱ्याने केलेल्याला बरं म्हटलं. तिकीट काढून आत जाणं हे करवणं आहे. फोटो काढून, खाली बदामाचं चित्र टाकून चारशे जणांना पाठवणं यापेक्षा स्पष्ट अनुमोदना कोणती असेल? आपल्या आज्यांच्या वेळी अनुमोदना मनात व्हायची, फार तर शेजारणीला सांगितली जायची. आता तिची मोजदादही होते.

नेमिनाथ भगवानांची कथा मुलांना याच पाठशाळेत सांगतात. वरात निघालेली, राजुल वाट बघते आहे, आणि वाटेत मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश कानावर आला. सारथ्याला विचारलं, उत्तर ऐकलं, रथ फिरवला, थेट गिरनार. आपण ही कथा ऐकताना डोळे पुसतो. पण ती जनावरं ओरडत होती म्हणून ऐकू आलं. मासा ओरडत नाही. काचेमागे तर त्याचं काहीच ऐकू येत नाही, वर संगीत लावलेलं असतं. आपल्याला दया यायला आवाज लागतो, रक्त लागतं, डोळ्यांत पाणी लागतं. माशाकडे यातलं काही नाही. तोंड उघडतो मिटतो, आपण म्हणतो बघ, बोलतोय. अठरावे तीर्थंकर अरनाथ, त्यांचं लांछन मत्स्य. तीर्थंकरांच्या मातेला पडणाऱ्या सोळा स्वप्नांत पाण्यात खेळणाऱ्या माशांची जोडी आहे. ती जोडी पाण्यात मनसोक्त फिरणारी आहे, टाकीत नाही.

आता हिशोब. मासे काचेमागे येतात कुठून? गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक शेतात, तळ्यात पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्यातले, प्रवाळाजवळचे ते झगमगीत मासे मात्र बहुतेक समुद्रातून पकडूनच आणतात, कारण त्यातल्या थोड्याच जातींची पैदास माणसाला जमली आहे. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियात ते पकडायला पाण्यात सायनाइड फवारून माशाला गुंगी आणण्याची चाल वर्षानुवर्षं चालली आहे, बंदी असूनही. त्यात मासे मरतात, प्रवाळही मरतं. मग पिशवीतला प्रवास, विमान, पुन्हा पिशवी. वाटेत जे मेले ते कुठल्या खात्यात मांडायचे? दुकानात माल फुटला, सांडला तर तो खर्चात धरतात आणि उरलेल्या मालाच्या किमतीवर चढवतात. म्हणजे तुमच्या तिकिटात त्या मेलेल्यांचा वाटा आहेच. टाकीत मासा मेला तर सकाळी दार उघडायच्या आत उचलतात आणि तिथे दुसरा सोडतात. फोटोत मागच्या वर्षीचा मासा आणि या वर्षीचा मासा सारखाच दिसतो. मी बी.कॉम.ला घसारा शिकले, यंत्रांचा, फर्निचरचा. जिवांचा घसारा मांडायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

वन्संचा सगळ्यात जोरदार मुद्दा मुलांच्या शिक्षणाचा आहे, आणि तो मी हलका धरत नाही. मुंबईत चौपाटीजवळ तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलं, एका पारशी घराण्याने त्यासाठी मोठी देणगी दिली. त्या काळी सांगलीच्या मुलाला समुद्रातला मासा जिवंत बघायचा दुसरा मार्गच नव्हता. मीही लहानपणी वडिलांचं बोट धरून तिथे गेले होते आणि कासवासमोरून हलत नव्हते. २०१५ साली ते नवं करून, आत बोगदा वगैरे बांधून पुन्हा उघडलं, आणि करोनात २०२० साली बंद झालं. माझ्या नातवाने ते बघितलेलं नाही. म्हणून त्याला मासे कमी कळतात का? तो घरात बसून खोल समुद्राची चित्रफीत बघतो, देवमासा पिलाला कसा वर उचलतो ते मला दाखवतो. त्यातला मासा जिथला तिथे असतो. टाकीसमोर उभं राहून त्याला काय कळणार? माशाचा रंग कळेल. मासा राहतो कसा, लपतो कसा, घाबरून पळतो कसा, यातलं काही काचेतून कळत नाही, कारण ते करायला तिथे सोयच नाही. आणि खाली पाटी काय लिहायची, तर ‘जीवदया’. मुलं भाबडी नसतात हो. कोंडलेल्या जिवाखाली दयेच्या ओळी लिहायला लावल्या की ती बरोबर शिकतात, की दया म्हणजे लिहायची गोष्ट.

तंदुल मत्स्याची कथा तुम्हाला आठवत असेल. स्वयंभूरमण समुद्रातला तो अफाट महामत्स्य, तोंड उघडं टाकून झोपलेला, लहान मासे आत जातात, बाहेर येतात. त्याच्या कानात राहणारा तांदळाच्या दाण्याएवढा मासा हे बघत असतो आणि मनात म्हणत असतो, काय हा आळशी, मी एवढा मोठा असतो तर एकालाही सुटू दिलं नसतं. त्याने आयुष्यात एकही मासा खाल्ला नाही. तरी सातव्या नरकात गेला. एरवी आपण ही कथा खाण्याच्या वासनेवर सांगतो. मला ती बोगद्यात उभं असताना आठवायला हवी होती. कुणाचंही काही वाईट न करता, नुसतं बघत, ‘एकही सुटू नये’ म्हणून फोन फिरवणारी आम्ही सगळी.

आणि मावशींचं काय, कोळ्यांचं काय, हा टोला राहिला. आपल्या आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंड सांगितला आहे. ज्या हिंसेला काही अर्थच नाही, जी केली नाही तर कुणाचं काही अडत नाही, ती. त्यातली प्रमादचर्या म्हणजे विनाकारण पाणी ढवळणं, विनाकारण झाडं तोडणं, विनाकारण भटकणं आणि दुसऱ्याला भटकायला लावणं. (हे शेवटचं वाचून सहल समितीने माझ्यावर रागावू नये, मीही महाबळेश्वरला आले होते.) साखरी नाट्याचा माणूस भर रात्री दर्यावर जातो तो पोटासाठी. आपल्या दृष्टीने ती हिंसा आहेच, मी ती पुण्यात मांडत नाही. पण तिला कारण आहे, तिच्यात त्याचा जीवही पणाला लागलेला असतो, आणि तो तिला दया म्हणत नाही. आपल्या फोटोला काय कारण आहे? मासा काचेत गेला नाही तर आपल्यापैकी कुणाची चूल अडते?

घरातल्या काचेच्या भांड्यांबद्दलही बोलायला हवं, नाहीतर हा लेख मत्स्यालयांवर ढकलून आपण मोकळ्या. वास्तूला बरं म्हणून दिवाणखान्यात गोल भांड्यात एकटा मासा ठेवलेली जैन घरं मी बघितली आहेत, रात्री न जेवणारी घरं. गेल्या वर्षी आपल्याच समाजातल्या एका लग्नात प्रत्येक टेबलावर फुलांऐवजी पाण्याच्या भांड्यात एकेक मासा होता, खाली दिवा. बायका फोटो काढत होत्या. जेवण मात्र शुद्ध, कंदमुळं वर्ज्य, तशी पाटीच होती. रात्री हॉल रिकामा झाल्यावर त्या माशांचं काय झालं हे विचारायचं मलाही सुचलं नाही. इटलीत रोम शहराने २००५ साली गोल भांड्यात मासा ठेवायला बंदी केली. त्या लोकांच्या ताटात मासे असतात. त्यांनाही कळलं, म्हणून सांगते.

आणि कृपा करून, हे वाचून घाईने घरचा मासा नदीत, खाडीत सोडायला जाऊ नका. त्याचाही व्हिडिओ होतो हल्ली, ‘अभयदान’ म्हणून. गोड्या पाण्यातला गोल्डफिश आमच्या खाडीच्या खाऱ्या पाण्यात सोडला तर तो जगत नाही. तळ्यात, धरणात परदेशी मासा सोडला आणि तगला, तर तिथल्या माशांवर उठतो. उजनीच्या धरणात सकर माशाने मच्छीमारांची जाळी कशी फाडली हे वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. आहे तो मासा मोठ्या टाकीत, लपायला दगड, झाडं देऊन, त्याचं आयुष्य संपेपर्यंत नीट सांभाळा. दुसरा आणू नका. एवढंच.

वन्संना मी नुसतं ‘नाही’ म्हणून बसलेले नाही. सहल येऊ द्या. मुलं माझीच आहेत, तीस ताटं मी एकटी वाढीन. रत्नागिरीला जाऊन देवमाशाचा सांगाडा बघू, त्याच्या बरगड्या मोजू. नंतर ओहोटीच्या वेळी मी मुलांना खाडीच्या कडेला नेईन. तिथे कांदळवनाखालच्या चिखलात निवट्या असतात. मासाच, पण चिखलावर चालतो, उड्या मारतो, डोळे डोक्यावर काढून बघतो. आपण बांधावर उभं राहायचं, चिखलात उतरायचं नाही, आरडाओरडा नाही. निवटी दिसायला पाच मिनिटं लागतात. एक पाऊल पुढे टाकलं की टुपकन बिळात. फोटोत बहुतेक वेळा नुसतं भोक येतं.

काढा फोटो. भोकाचा आला तर भोकाचा. ज्या जिवाला मी नको आहे असं वाटलं की निघून जायची मोकळीक आहे, त्याचा फोटो काढायला माझी हरकत नाही. तो थांबला तर त्याच्या मर्जीने थांबला. अशा फोटोंची स्पर्धा ठेवणार असाल तर परीक्षक मी होते, आणि बक्षिसाची रक्कम दुप्पट. ती कुठल्या गल्ल्यातून येईल ते वर लिहिलंच आहे, चालत नसेल तर तेही सांगा.

वन्संनी अजून फोन केलेला नाही. भाऊबीजेला त्या येतात दरवर्षी, हे म्हणतात की तोवर राग जाईल. हेकरूचा तो फोटो मी घरच्या ग्रुपवरून काढून टाकायला गेले, तर इतक्या दिवसांनी तो सगळ्यांच्या फोनवरून निघत नाही म्हणे. मग तो मी स्वतःकडेही तसाच ठेवला आहे, पांढऱ्या गोळ्यासकट.

तुमच्या मंडळाची सहल कुठे ठरली आहे ते कळवा. आणि उपवासाच्या भाज्या पुढच्या वेळी नक्की.